अनंत भूतकाळ सरून ‘आज’ उजाडला कसा?

उत्तररात्र (धागाकर्ता)

परवा रात्री मुलीच्या गणिताच्या वहीत संख्यारेषा काढून देत होतो. ती चौथीत आहे. मधे शून्य, उजवीकडे १, २, ३, डावीकडे ऋण संख्या, दोन्ही टोकांना बाण. तिने डाव्या बाणाच्या अगदी टोकावर पेन्सिलने एक काडीचा माणूस काढला आणि विचारलं, “बाबा, उजवीकडचा बाण ठीक आहे, मोजत राहायचं. पण हा इथून चालत निघाला तर शून्यापर्यंत कधी पोचेल?”

मी म्हटलं, कधीच नाही.

“पण आपण तर शून्यावर आहोत.”

ती झोपली, मी जागाच. तिला माहीत नाही, पण हा प्रश्न किमान दीड हजार वर्षं जुना आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात फिलोपोनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तो मांडला. तेव्हाचे बहुतेक ग्रीक पंडित जग अनादि मानत. त्यांच्याच गुरूचं म्हणणं त्याने त्यांच्यावर उलटवलं. अनंत गोष्ट एकेक पायरी करत पुरी होऊ शकत नाही, असं ॲरिस्टॉटल सांगतो ना? मग आजपर्यंतचे अनंत दिवस पुरे झालेच कसे? पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस अल-गझाली या मुस्लिम विचारवंताने त्याला धार लावली. शनीची एक फेरी होते तोवर सूर्याच्या तीस होतात. आकाश अनादि असेल तर दोघांच्याही फेऱ्या अनंतच. मग तीसपट गेल्या कुठे? आणि झालेल्या फेऱ्यांची संख्या सम की विषम?

एकूण युक्तिवाद असा: भूतकाळ अनंत असता तर आज उजाडलाच नसता. आज उजाडला आहे. म्हणजे काळाला आरंभ आहे. आरंभ आहे म्हणजे आरंभ करणारं काहीतरी आहे.

शेवटच्या उडीबद्दल माझ्या मनात शंका आहेत, पण पहिली दोन वाक्यं मला तरी अभेद्य वाटतात. फोडून दाखवा.

---

रिकामटेकडा

पहिला! (आद्य कारण मीच.)

---

शून्यलब्धी

मुलीचा प्रश्न फार छान आहे. तुमचं उत्तर चुकलं.

तो काडीचा माणूस तिने बाणाच्या टोकावर काढला, बरोबर? घोटाळा तिथेच आहे. बाणाचं टोक ही संख्यारेषेवरची जागा नव्हे. ‘रेषा इथे थांबत नाही’ एवढंच सांगायची ती खूण आहे. रेषेवरची खरी जागा सांगा: उणे सात, उणे एक कोटी, उणे एकावर शंभर शून्यं. कोणतीही घ्या, तिथून शून्यापर्यंतचं अंतर सान्तच, म्हणजे कुठेतरी संपणारंच, आहे. पुरेसा वेळ द्या, माणूस पोचतो. ज्या ठिकाणाहून तो पोचणार नाही असं ठिकाण रेषेवर नाहीच.

‘अनंत दिवस ओलांडून आज आला’ हे वाक्य ऐकताना आपण नकळत एक सुरुवातीचा दिवस धरतो आणि तो अनंत अंतरावर ढकलतो. तसा दिवस अनादि काळात नसतोच. अनादि म्हणजे तेच. आरंभ नाही म्हणणाऱ्याच्या माथी आधी आरंभ मारायचा आणि मग ‘बघा, तिथून पोचता येत नाही’ म्हणायचं, हे कसं चालेल?

आता शनी. गॅलिलिओलाही १६३८ मध्ये हेच कोडं पडलं होतं. प्रत्येक संख्येला एक वर्ग असतो आणि प्रत्येक वर्गाला एक मूळ, म्हणजे वर्गसंख्या आणि सगळ्या संख्या जोडीने उभ्या राहतात. आणि तरी वर्गसंख्या विरळ आहेत. त्याचा निष्कर्ष असा की कमी, जास्त, समान हे शब्द अनंताला लावूच नयेत. एकोणिसाव्या शतकात गणिती कँटरने ते लावून दाखवले, पण नियम बदलून: जोडी जमली तर समान. या नियमाने शनीच्या आणि सूर्याच्या फेऱ्या समान आहेत, आणि ‘तीसपट’ हा शब्द सान्त तुकड्यापुरता खरा राहतो. सम-विषमचं म्हणाल तर ते नैसर्गिक संख्यांचे गुण आहेत. ‘अनंत सम की विषम’ हा प्रश्न ‘त्रिकोण गोड की खारट’ या जातीचा.

---

उत्तररात्र

@शून्यलब्धी, प्रत्येक जागेपासूनचं अंतर सान्त आहे हे मान्य. पण प्रत्येक तुकडा ओलांडता येतो म्हणून अख्खी रेषा ओलांडता येते हे कसं? भिंतीतली प्रत्येक वीट हलकी, म्हणून भिंत हलकी होत नाही.

आणि दुसरं. समजा कुणीतरी अनादि काळापासून उलटी मोजणी करत आला आहे, रोज एक आकडा, आणि आज म्हणतो, “…उणे तीन, उणे दोन, उणे एक, शून्य. संपलं!” तो आजच का संपला? कालपर्यंतही त्याला अनंतच वेळ मिळाला होता की. मग काल का नाही? शंभर वर्षांपूर्वी का नाही?

---

टोकदार

अहो, हे कोडं प्राचीन ग्रीक झीनोनेच घातलं होतं आणि ते केव्हाच सुटलंय. अर्धं अंतर, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं… अनंत टप्पे, बेरीज एक. आपण रोज दारातून बाहेर पडतो तेव्हा अनंत टप्पे ओलांडतो. धागा बंद करा.

---

शून्यलब्धी

@टोकदार, नाही हो. झीनोचे टप्पे लहान लहान होत जातात म्हणून बेरीज जुळते. इथले टप्पे सारखे आहेत, दिवस म्हणजे दिवस. त्यांची बेरीज सान्त होत नाही आणि व्हायची गरजही नाही. आपल्या बाजूने बोललात तरी चुकीच्या कारणासाठी बोललात.

@उत्तररात्र, विटांचं मान्य, काही गुण तुकड्यांवरून अख्ख्याला जात नाहीत. पण ‘ओलांडणे’ या शब्दाचा अर्थच इथून तिथे जाणे असा आहे. अख्ख्या अनादि रेषेला ‘इथून’ नाही, तेव्हा ती ‘ओलांडली’ असं म्हणायचं कारणच पडत नाही. प्रत्येक दिवस आला आणि गेला. त्यापलीकडे करायचं कोणतं काम शिल्लक राहिलं होतं?

तुमचा मोजणारा मात्र कठीण आहे, मान्य करते. पण ‘वेळ पुरला म्हणून काम संपलं’ असा नियम अनंताला लागत नाही. काल तो ‘उणे एक’ म्हणाला म्हणून आज ‘शून्य’ म्हणाला. परवा ‘उणे दोन’ म्हणाला म्हणून काल ‘उणे एक’. प्रत्येक दिवसाला उत्तर आहे. तरी ‘हे सगळं वेळापत्रकच एक दिवस आधी का सरकलेलं नाही’ असं विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही. पण ते कारण मागणं झालं. विसंगती दाखवणं वेगळं. तुम्ही विसंगती दाखवायला निघाला होता.

---

जुनेपान

बऱ्याच दिवसांनी लिहायची इच्छा झाली असा धागा.

धागाकर्त्यांना पडलेला प्रश्न आपल्या दर्शनांत जवळजवळ नाही याचं मला नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. ईश्वर आहे की नाही यावर नैयायिक (न्यायदर्शनाचे तर्कपंडित) आणि बौद्ध शतकानुशतकं भांडले, पण संसार अनादि आहे हे दोघांनाही मान्य. मीमांसक (वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे) तर सृष्टीची उत्पत्ती आणि प्रलय दोन्ही नाकारतात: ‘न कदाचिदनीदृशं जगत्’, जग आत्ता आहे तसं नव्हतं असं कधी नव्हतंच. ब्रह्मसूत्रांत (२.१.३५) आक्षेप येतो की सृष्टीच्या आधी कर्म नव्हतं, मग पहिली विषमता आली कुठून? सूत्रकारांचं उत्तर एका शब्दाचं आहे: अनादित्वात्. पहिली अशी सृष्टीच नाही. शंकराचार्य तिथे बीज आणि अंकुराचा दाखला देतात. बी आधी की झाड आधी, हा प्रश्न आपण निरुत्तर करायला विचारतो. त्यांच्याकडे तेच उत्तर आहे.

मग अनवस्था, म्हणजे कारणाला कारण, त्यालाही कारण, अशी न संपणारी साखळी? अनवस्था हा तर दोष ना? इथे त्या मंडळींनी केलेला भेद मला आजच्या चर्चेतही सगळ्यात कामाचा वाटतो. सगळ्या अनवस्था सारख्या नसतात. मूलक्षयकरी अनवस्था तेवढी दोष, म्हणजे जी मुळावरच घाव घालते. दिवा दिसायला दुसरा दिवा हवा, तो दिसायला तिसरा, असं असेल तर पहिला दिवा कधीच दिसणार नाही. तिथे साखळी लांबली की मूळ गोष्टच होत नाही. बीजांकुराचं तसं नाही. हे झाड उगवायला ती बी पुरली. ती बी कुठून आली हा पुढचा प्रश्न, पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत झाड थांबून राहत नाही.

गंमत म्हणजे ज्यांच्या नावावर ‘आद्य कारण’ खपवलं जातं ते मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसही हेच सांगतात. जगाला काळात आरंभ होता हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं त्यांनी १२७०च्या सुमारास स्वतंत्र प्रकरण लिहून मांडलं. आणि स्वतःच्याच गोटातल्यांशी त्यावरून वाद घेतला. त्यांचा दाखला लोहाराचा आहे. एक हातोडा मोडला, दुसरा घेतला, तोही मोडला. मागे किती हातोडे मोडले याला अंत नसला तरी आत्ताचा घाव बसतो. पण काठीने दगड हलतो, हाताने काठी हलते, ही साखळी त्याच क्षणी उभी असावी लागते. तिथे ‘मागे मागे’ जाऊन भागत नाही.

तेव्हा उत्तररात्र, तुमचं आद्य कारण ज्यांना हवं होतं त्यातल्या सगळ्यात मोठ्या वकिलाने तुमचा साक्षीदार कधीच बोलावला नव्हता.

---

रिकामटेकडा

जुनेपान आले, आता ऋग्वेदातलं सृष्टीच्या उगमाचं नासदीय सूक्त किती प्रतिसादांत येतंय बघू. मी म्हणतो पाच.

---

वहीतलीशाई

हातोड्यावरून आठवलं. मध्यंतरी एका कचेरीत अर्ज भरायच्या रांगेत उभी होते. पेन नव्हतं. मागच्या बाईंकडे मागितलं. त्या म्हणाल्या थांबा हं, आणि त्यांनी त्यांच्या मागच्याकडे मागितलं. त्याने त्याच्या मागच्याकडे. मी मान वळवून बघत होते. हात मागे मागे पसरत चालले होते, चेहरे पुढे हसत होते, आणि पेन काही येईना. शेवटी रांगेच्या टोकाला एका आजोबांच्या खिशात निघालं आणि हातोहात पुढे आलं.

आता रांगेला शेवट नाही असं समजा. प्रत्येक जण म्हणणार, “देतो, मागच्याकडून आलं की.” मला पेन कधीच मिळणार नाही. रांग कितीही लांब करा, उसनवारीने पेन तयार होत नाही. मला वाटतं जुनेपानांची मूलक्षयकरी ती हीच.

---

शून्यलब्धी

@वहीतलीशाई, रांग झकास. पण एक फरक करून बघा. पेन आधीच तुमच्या हातात आहे. कुठून आलं? मागच्या बाईंनी दिलं. त्यांना? त्यांच्या मागच्याने, एक मिनिट आधी. त्याला? त्याच्या मागच्याने, दोन मिनिटं आधी. रांग अनंत. प्रत्येकाच्या हातात पेन कुणाच्या तरी हातातून आलं. कुणी खिशातून काढलं नाही. सांगा, यात विसंगत काय आहे?

---

वहीतलीशाई

विसंगत काही नाही. तरी मला विचारावंसं वाटतंच: मुळात पेन का आहे? खडू का नाही? काहीच का नाही?

---

जुनेपान

तुम्ही दोघींनी मिळून जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्स गाठला. १६९७ सालच्या एका छोट्या निबंधात त्याचा दाखला भूमितीच्या पुस्तकाचा आहे. हे पुस्तक त्या प्रतीवरून उतरवलं, ती प्रत आधीच्या प्रतीवरून, असं अनादि काळापासून. प्रत्येक प्रतीचं कारण सापडतं. पण त्या पुस्तकात भूमितीच का, असं पुस्तक असावंच का, हे मागे कितीही गेलात तरी सापडत नाही. म्हणजे काळाला आरंभ असो नसो, त्याचा प्रश्न तसाच उभा.

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचं उत्तर यावर असं की वीस कणांच्या ढिगातला प्रत्येक कण का आहे हे सांगून झाल्यावर ‘आणि हे वीस मिळून का आहेत?’ असं पुन्हा विचारणं गैरवाजवी आहे. १९४८ मध्ये बीबीसीवर तत्त्वज्ञ रसेल आणि पाद्री कोपलस्टन यांचा वाद झाला, त्यात रसेलने त्याच अंगाने उत्तर दिलं. प्रत्येक माणसाला आई असते म्हणून मानवजातीला आई असते असं होत नाही.

माझं मत विचाराल तर ह्यूमचं उत्तर कणांना लागू पडतं, पुस्तकाला पडत नाही. वीस कण एकमेकांपासून सुटे आहेत. प्रती तशा नाहीत. प्रत्येक प्रतीत जे आहे ते उसनं आहे, आणि उसन्याचा हिशोब ‘सगळेच उसने’ म्हणून मिटत नाही. त्याला उसना नसलेला काही आधार लागतो.

---

टोकदार

पण मग त्या ‘आधाराला’ आधार कोणाचा? ईश्वर म्हणणार असाल तर त्याला कोणी केलं? हा प्रश्न शाळेतली पोरंही विचारतात.

---

जुनेपान

पोरं विचारतात आणि उत्तर न ऐकता निघून जातात. :) ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं यातल्या कुणी धड माणसाने म्हटलेलंच नाही. ‘जे कार्य आहे त्याला कारण असतं’ असं म्हटलं आहे. नैयायिक उदयनाचार्यांचं अनुमान असंच: पृथ्वी वगैरे कार्य आहे, म्हणून तिला कर्ता आहे, घटाला कुंभार असतो तसा. ईश्वर कार्यच नाही म्हटल्यावर तुमचा प्रश्न लागू पडत नाही. पृथ्वी कार्य आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, तिथे हल्ला करायला हवा. आणि तो आधीच झालेला आहे. बौद्ध धर्मकीर्तीने सातव्या शतकात विचारलं: वारूळही मातीचंच असतं, मग तेही कुंभारानेच केलं म्हणणार का? घट बघून कुंभार आठवतो तो घटाच्या विशिष्ट घडणीमुळे. नुसत्या ‘कार्य’ या शब्दाच्या सारखेपणावर डोंगराला कर्ता चिकटवता येत नाही. मला हा आजवरचा सगळ्यात नेमका वार वाटतो आणि मी आस्तिक आहे.

---

अणुरेणू

भौतिकशास्त्रवाला म्हणून हजेरी. ‘महास्फोटाने आरंभ सिद्ध झालाच आहे, तत्त्वज्ञान कशाला’ असं कुणीतरी लिहिणार, त्याआधीच लिहितो.

सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं, इतकं पक्कं आहे. त्याच्या मागे आइन्स्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत, सामान्य सापेक्षता, ताणत नेली की घनता अनंत येते. पण याचा अर्थ आरंभ सापडला असा नाही, समीकरणांनी हात टेकले असा आहे. तिथे पुंज-गुरुत्वाचा (अतिसूक्ष्म पातळीवरच्या गुरुत्वाचा) सिद्धांत लागतो आणि तो अजून कुणाच्या हाती नाही. २००३ मध्ये बोर्ड, गूथ आणि विलेंकिन यांनी एक प्रमेय दिलं: जे विश्व सरासरीने प्रसरण पावत आलेलं आहे त्यातले कणांचे आणि प्रकाशाचे जवळजवळ सगळे मार्ग भूतकाळात सान्त लांबीवर खुंटतात. यावरून बरेच जण ‘आरंभ सिद्ध’ म्हणतात. प्रमेय फक्त म्हणतं की प्रसरणाची गोष्ट मागे कायम चालू ठेवता येत नाही. खुंटल्या जागी काय आहे ते ते सांगत नाही.

दुसरीकडे हार्टल आणि हॉकिंग यांचा १९८३चा प्रस्ताव. त्यात भूतकाळ सान्त आहे पण कडा नाही. उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय, असं विचारण्यासारखं. तो खरा असल्याचा पुरावा नाही. पण एक शक्यता म्हणून तो उत्तररात्रांच्या साखळीतला एक दुवा ढिला करतो: काळ सान्त असूनही ‘आरंभ करून देणारा क्षण’ नसू शकतो. म्हणजे तुम्ही पहिली दोन वाक्यं जिंकलात तरी तिसरं आपोआप मिळत नाही.

जाता जाता: विश्वाचा आरंभ ‘आद्य अणू’तून झाला अशी कल्पना १९३१ मध्ये मांडणारे लेमैत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी या कल्पनेत सृष्टिनिर्मितीची ग्वाही पाहिली, तेव्हा ते लेमैत्रनाच रुचलं नाही.

---

रिकामटेकडा

सात झाले. नासदीय सूक्त नाही. मी हरलो. तरी म्हणूनच टाकतो: ‘को अद्धा वेद’, खरं कोणाला ठाऊक?

---

निरुपद्रवी

शून्यलब्धी ताई, अनंत भूतकाळात विसंगती नाही म्हणता, तर हे घ्या. एक घंटा आहे. दर वर्षाला एक पहारेकरी. प्रत्येकाला एकच हुकूम: आपल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी यायचं, आधीच्या कुणी घंटा वाजवली असेल तर गुपचूप परत जायचं, कुणीच वाजवली नसेल तर वाजवायची.

भूतकाळ सान्त असेल तर पहिला पहारेकरी वाजवतो, बाकीचे परत जातात. सोपं.

भूतकाळ अनंत असेल तर? समजा अमुक वर्षीच्या पहारेकऱ्याने वाजवली. म्हणजे त्याच्या आधी कुणीच वाजवली नव्हती. पण मग त्याच्या आदल्या वर्षीच्याच्याही आधी कुणी वाजवली नव्हती, तर त्याने का नाही वाजवली? त्याने हुकूम मोडला. म्हणजे कुणीच वाजवली नसणार. पण कुणीच वाजवली नसेल तर सगळ्यांनीच हुकूम मोडला!

प्रत्येक पहारेकरी साधा माणूस, प्रत्येक हुकूम पाळता येण्याजोगा. विसंगती आली ती फक्त ‘अनंत भूतकाळ’ घातल्यामुळे. ही माझी कल्पना नाही. १९६४ मध्ये तत्त्वज्ञ बेनार्डेटे यांनी मांडलेल्या कोड्याचा हा अवतार आहे आणि सध्याचे सान्त-काळवाले बहुतेक यावरच भिस्त ठेवतात.

---

शून्यलब्धी

दोन दिवस यावर घालवले, म्हणून उशीर.

गावातला न्हावी स्वतःची दाढी न करणाऱ्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच दाढी करतो. मग स्वतःची करतो का? उत्तर: असा न्हावी नसतो. म्हणून ‘गाव अशक्य आहे’ असं आपण म्हणत नाही. तसेच हे पहारेकरी. एकेकटा हुकूम पाळता येतो, सगळे मिळून पाळता येत नाहीत.

आणि दोष काळाचा नाही याचा पुरावा असा की काळ काढून टाकला तरी कोडं जसंच्या तसं राहतं. १९९३ मध्ये तत्त्वज्ञ याब्लोने दाखवलं: वाक्यांची अनंत यादी घ्या, प्रत्येक वाक्य म्हणतं, ‘माझ्यानंतरची सगळी वाक्यं असत्य आहेत.’ कोणतंही वाक्य सत्य धरा वा असत्य, अडकता. इथे दिवस नाहीत, घंटा नाही, भूतकाळ नाही. तेव्हा अनंत दिवसांना का शिक्षा?

तरी खरं सांगते, तुमच्या बाजूचा एक मुद्दा मला झटकता येत नाही. न्हाव्याच्या कोड्यात एकाच माणसावर अशक्य अट आहे. इथे प्रत्येकावर शक्य अट आहे. अनंत वर्षं असू शकतात, दर वर्षी एक माणूस असू शकतो, प्रत्येकाला हुकूम देता येतो. मग सगळ्यांना एकदम देता येऊ नये म्हणून नेमकं कोण अडवतं? ‘तर्क अडवतो’ हे माझं उत्तर आहे आणि ते लिहिताना जरा कसंतरी वाटतंय.

---

अणुरेणू

अवांतर, पण फार नाही. या सगळ्या कोड्यांत दिवस ‘सरतात’ हे गृहीत आहे. १९०८ मध्ये तत्त्वज्ञ मॅकटॅगार्टने काळाचं हे सरणंच विसंगत आहे असा दावा केला होता. तो दावा सगळ्यांना पटला नाही, पण त्यातून दोन पक्ष पडले ते अजून आहेत. कालचं आणि उद्याचं आजच्याइतकंच ‘आहे’ असं मानलं, आणि सापेक्षतेचा कल तिकडेच आहे, तर ‘अनंत दिवस पुरे कसे झाले’ याला अर्थच उरत नाही. दिवस पुरे होत नाहीत, ते आपापल्या जागी असतात. संख्यारेषेवर उणे सात ‘सरत’ नाही.

---

जुनेपान

@शून्यलब्धी, ‘कसंतरी वाटतंय’ म्हणालात ते आवडलं.

तुमच्यासाठी एक भेट. वैशेषिक म्हणतात पदार्थाचे तुकडे कुठेतरी थांबले पाहिजेत, परमाणू मानला पाहिजे. का? नाहीतर मोहरीचेही अवयव अनंत आणि मेरू पर्वताचेही अनंत, मग दोघांचं परिमाण सारखं होईल! हे ते हास्यास्पद म्हणून सांगत. कँटरने नेमकं हेच सिद्ध केलं ना?

---

शून्यलब्धी

हो! मोहरीतले बिंदू आणि मेरूतले बिंदू जोडीने उभे राहतात, एकही शिल्लक न उरता. १८७७ मध्ये रेषेवरचे आणि चौरसातले बिंदू असेच जुळतात हे सापडल्यावर कँटरने गणिती मित्र डेडेकिंडला पत्रात लिहिलं होतं, “मला दिसतंय, पण विश्वास बसत नाही.” वैशेषिकांचं चुकलं ते पुढच्या पायरीला: बिंदूंची संख्या सारखी म्हणून आकारमान सारखं होत नाही. मोजणं आणि मापणं वेगळं.

परतभेट म्हणून भास्कराचार्य. बाराव्या शतकात बीजगणितात ते शून्याने भागून आलेल्या राशीला खहर म्हणतात आणि सांगतात की तिच्यात कितीही मिळवा वा काढा, फरक पडत नाही. सृष्टी-प्रलयाच्या वेळी भूतगण अनंत अच्युतात येतात-जातात आणि त्याला काही होत नाही, तसं. शून्याने भागायचं नसतं हे आज मी मुलांना शिकवते. पण मिळवून न बदलणारी राशी असू शकते हे धीटपणे लिहिणं आणि त्यासाठी उपमाही तीच शोधणं, हे वाचताना दर वेळी थबकते.

---

उत्तररात्र

आठवडाभर सगळं वाचतोय. पहिलं वाक्य मागे घेतो. ‘भूतकाळ अनंत असता तर आज उजाडला नसता’ हे मी सिद्ध करू शकत नाही. घंटेवर अजून अडलो आहे, पण ती दुसरी लढाई आहे. पेनाच्या रांगेबद्दल मात्र मी वहीतलीशाई यांच्या बाजूला. आरंभ मागत होतो तेव्हा मला हवा होता आधार, हे आता कळतंय.

काल मुलीला सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, बाणाचं टोक ही जागाच नाही, तिथून कुणी निघू शकत नाही. पण रेषेवर कुठेही उभा असेल तर तो पोचतो. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे तो निघालाच नव्हता. चालतच होता.”

मी हो म्हटलं.

“मग त्याला चाल म्हणून कोणी सांगितलं?”

मी काही बोललो नाही. तिने खोडरबराने टोकावरचा माणूस पुसला, कागद थोडा फाटला, आणि उणे सातावर नवा काढला. तोंड उजवीकडे. एक पाय उचललेला.

---

रिकामटेकडा

पेन्सिल कुणाकडून मागून आणली होती ते विचारलंत का?